हाताखालची

करारात लिहिलं होतं की संस्कृती एक वर्ष अनिल मिस्त्रींच्या हाताखाली मेकॅनिक डिझेलचं काम शिकेल. खाली तिची सही, मिस्त्रींची सही, आयटीआयचा शिक्का. चौथा महिना लागला तरी ती हाताखालीच होती. हातात मात्र झाडू आणि चहाच्या किटलीपलीकडे काही आलं नव्हतं.

मांडवी बंदराच्या वाटेवर मिस्त्रींची पत्र्याची शेड होती. मासेमारीच्या होड्यांची इंजिनं बघावीत तर त्यांनीच. नुसत्या आवाजावरून ते दुखणं सांगत. म्हणूनच संस्कृतीने हट्टाने ती जागा मागून घेतली होती. पण इंजिन असतं होडीच्या पोटात, आणि होडीवर बाईमाणूस चढत नाही. मिस्त्री पेटी उचलून जेटीकडे निघाले की ती उठायची, आणि ते पाठमोरेच म्हणायचे, "तू बस गो बाय. कोण आला तर नाव लिहून ठेव."

ती बसायची. शेडमध्ये सगळीकडे डिझेलचा वास, तिच्या बोटांना तेवढा चहाचा. पूर्णगडहून रोज सकाळची एसटी धरून ती दुसऱ्याच्या कामाची राखण करायला येत होती.

एका संध्याकाळी तिने आईला सांगितलं. चिमा मासे विकून आली होती, टोपली धूत होती.

"मारतो?"

"नाय."

"वाकडं बघतो?"

"नाय गो. बघतच नाय माझ्याकडे."

"मग काढ वरीस. सर्टिफिकेट गावतंय ना?"

"आणि उद्या कोण म्हणाला, हे इंजिन खोल, तर? सर्टिफिकेटाने खोलू?"

चिमाने टोपली उपडी घातली. "सत्तावीस वर्षं तुझ्या बापाच्या होडीची मासळी माझ्या डोक्यावर हाय. होडी आतून कशी असते ते मला ठाव नाय. म्हणून काय मेले?"

संस्कृतीला आईचा राग आला नाही. राग आला तो सत्तावीस वर्षांचा.

शिकाऊ उमेदवाराला रोजवही ठेवावी लागते. दिवसभरात काय काम केलं ते लिहायचं, आठवड्याने मालकाची सही घ्यायची. बहुतेक पोरं पुस्तकातूनच उतरवतात: इंजेक्टर तपासला, व्हॉल्व्ह बसवले. पहिल्या आठवड्यात संस्कृतीनेही तसंच लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात पेन अडलं. ज्या इंजेक्टरला कधी बोट लागलं नाही त्याचं नाव लिहिणं म्हणजे आपण इथे नाहीच, असं स्वतःच्या हाताने कबूल करणं. त्या दिवसापासून ती खरं लिहू लागली. सोमवार: शेड झाडली, चहा केला. मंगळवार: चहा केला, मिस्त्रींची छत्री शिवून आणली. बुधवार: बसले. गुरुवार: बसले.

शनिवारी ती वही पुढे करायची. मिस्त्री चष्मा कपाळावर असतानाच सही ठोकायचे. त्यांची सही देखणी होती, शेवटी लांब शेपूट काढलेली. दर आठवड्याला ते शेपूट "बसले"च्या खालून ऐटीत जायचं.

ही वही घेऊन ती एका सोमवारी शेडवर न जाता आयटीआयमध्ये गेली. तिथे शिकाऊ उमेदवारांचं काम मनिषा मॅडम बघायच्या. त्यांनी चार पानं उलटली, मग पुन्हा मागे आल्या.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"आणि त्यांनी सही केली?"

"दर शनिवारी."

मॅडमना हसू आवरेना. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "बारा वर्षं या वह्या तपासतेय. सगळ्या पोरांनी सगळं केलेलं असतं. खरी वही आज पहिल्यांदा बघितली." मग त्या सरळ बसल्या. "गाड्यांच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये जागा आहे. करार बदलून देते. सुटशील तू."

"चूक त्यांची, नि जागा मी सोडायची?"

"अगं, त्रास वाचेल तुझा."

"त्रास वाचवायला नाय आले, मॅडम. मला इंजिन हवंय. होडीचंच."

मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. "मग तक्रारीचा अर्ज लिही. चिडतील ते."

"चिडू देत. बघतील तरी माझ्याकडे."

दोन दिवसांनी मॅडम शेडवर आल्या. मिस्त्रींनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि स्वतःच सही केलेली पानं पहिल्यांदा वाचली. कान लाल झाले.

"माझ्या शेडीत बसून माझ्याविरुद्ध लिहीत होतीस?"

"तुमच्यासमोरच लिहीत होते. सही पण तुम्हीच केलीत."

"शिकवायला माझी ना नाय, मॅडम," मिस्त्री म्हणाले, "पण होडीवाला हिला चढू देईल काय? रीत हाय ती. ती मी मोडू?"

"करारात रीत लिहिलेली नाही. काम शिकवीन, असं लिहिलंय. जमत नसेल तर तसं लेखी द्या."

लेखी म्हटल्यावर मिस्त्रींनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. संस्कृतीने हत्यारांची पेटी उचलली. "रीत होडीवाल्याची ना? मग त्यालाच विचारते. चला."

जेटीवर बाबल्या तांडेलाची होडी उभी होती; मालक तोच, होडी हाकणाराही तोच. सकाळपासून इंजिन सुरू होत नव्हतं. मॅडम, मिस्त्री आणि पुढे पेटी घेतलेली पोरगी बघून तांडेल होडीच्या कडेवर आडवा उभा राहिला.

"काय मिस्त्री, आज वरात काढलीत? ती नाय चढणार हां. लक्ष्मी हाय ही माझी."

"लक्ष्मी बाईमाणूस नाय काय, काका?" संस्कृती म्हणाली.

मागचे खलाशी फिदीफिदी हसले. तांडेलाने त्यांच्याकडे डोळे वटारले. "तोंड चालतंय गो तुझं. हात चालतो काय?"

"ते मिस्त्रींना नका विचारू. त्यांनी अजून बघितला नाय."

मिस्त्री समुद्राकडे बघत राहिले. मॅडम जेटीवरच थांबल्या. आता यापुढे कोणी हात धरून नेणार नव्हतं. संस्कृतीने चपला काढल्या, पेटी छातीशी धरली, आणि तांडेलाच्या बगलेतून होडीवर पाय टाकला.

होडी नेहमीसारखीच हलली.

"आरे! आरे!" तांडेल ओरडला. "नारळ फोडून शुद्ध करून घ्यावी लागेल मला!"

"फोडा. खोबरं मला ठेवा."

या वेळी खलाशांना कोणी दटावलं नाही. ती इंजिनाच्या फळ्या उचलून खाली उतरली. काळोख, उकाडा, आणि पायाखाली तेलकट पाणी. मागून धापा टाकत मिस्त्री उतरले, बॅटरी धरून. मग त्यांनी इंजिनाला हळू थोपटलं.

"डिझेलात हवा धरलीय. काढ."

तिने पाना लावला, नट सैल केला. डिझेलची चिळकांडी थेट मिस्त्रींच्या शर्टावर.

"गाढव! आधी फिल्टर! फिल्टर सोडून इंजेक्टरला कोण हात लावतो? कोणी शिकवलं तुला?"

"कोणीच नाय."

मिस्त्रींनी शर्ट पुसला. बॅटरी जवळ आणली. "हा फिल्टरचा बोल्ट. अर्धा आटा सैल कर, जास्त नाय. बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मार. नुसतं बघू नको, ऐक पण."

ती पंप मारू लागली. मनगट भरून आलं तरी बुडबुडे येतच होते.

वरून तांडेलाने डोकं घातलं. "झालं काय गो? किती वेळ?"

"लागेल तेवढा," संस्कृती खालूनच म्हणाली, आणि हात थांबवला नाही.