अर्धवट घातलेलं गाऱ्हाणं

मानेचं ऑपरेशन करायचं की नाही, हे ठरवायला मिळालेल्या दिवसांत मी देवीला फार छळलं. सकाळ-संध्याकाळ दिवा लावताना मनात एकच असायचं, "आई, हे टळू दे." रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की मानेच्या मणक्यांतून जो मज्जारज्जू जातो, तो दोन ठिकाणी दाबला गेला आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पण त्यांनी फोटोवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा समजलं. बागेतल्या पाण्याच्या नळीवर कुणी पाय ठेवला की पुढची झाडं कोरडी राहतात, तसं माझ्या हातापायांचं झालं होतं.

तीस वर्षं मी डोक्यावर माशांची पाटी घेऊन गावोगाव फिरले. डॉक्टर म्हणाले, त्याचा भार पडला असेल, वयानेही होतं. मला एवढंच माहीत होतं की मासे कापताना बोटाला विळी लागली तरी कळत नव्हतं, रक्त दिसल्यावर कळायचं. ब्लाउजचे हुक लावता येत नव्हते. "ऑपरेशनने गेलेलं सगळं परत येईल असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण आहे ते राखता येईल. धोका नाही असंही मी म्हणणार नाही." मग त्यांनी विचारलं, चालताना तोल जातो का, लघवी रोखणं जड जातं का. डॉक्टर मुलाच्या वयाचे, शेजारी आमचे हे बसलेले. मी मान हलवून दोन्हीला नाही म्हटलं. "मग महिनाभर विचार करा," ते म्हणाले. "पण त्रास वाढला तर थांबू नका."

त्रास तर वाढलेलाच होता. तो मी कुणाला सांगितला नव्हता.

घरी ह्यांनी, "तू म्हणशील तसं," एवढंच म्हटलं. हे बोटीवर खलाशी, समुद्रावर निर्णय तांडेल घेतो, घरात माझी थोरली जाऊ, वयनी. वयनी म्हणाली, "मानेला सुरी लावतात ती बोकडाच्या गो! मागल्या आळीतला तो चालत गेला नि उचलून आणला."

"वयनी, त्याचं कमरेचं होतं."

"कंबर काय नि मान काय, सगळी एकच दांडी!"

वयनी आणि मी जोडीने मासे विकायचो. गिऱ्हाइकाने भाव विचारला तरी मी तिच्याकडे बघायची आणि ती सांगायची. म्हणून देवीला कौल लावायचं ठरलं तेव्हा गाऱ्हाणं घालायला काय सांगायचं, तेही तिनेच ठरवलं. मला ते बरंच वाटलं. 'नको' असा कौल मिळाला की डॉक्टरांकडे परत जायला नको, असं माझ्या मनात होतं. हे आज लिहितानासुद्धा लाज वाटते.

आमच्या ग्रामदेवतेच्या पाषाणावर गुरव दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. आधी उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि वयनीने सांगितल्याप्रमाणे गाऱ्हाणं घातलं. "हे आई, तुझं लेकरू तुझ्या पायाशी आलंय. त्याची मान दुखते. कापाकापी न करता बरं वाटणार असेल तर उजवी दे."

पाकळ्या हलल्याच नाहीत. आम्ही बसून राहिलो. समईत दोनदा तेल घालून झालं.

"पंखा लावू काय?" वयनी हळूच म्हणाली.

"पंखा लावून कौल घेतात काय, वयनी?" गुरवकाका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मान दुखते, एवढंच काय गो? एवढ्यासाठी कोण देवीला उठवतं? आणि 'ऑपरेशन नको' हेच ऐकायला आलात, तर उलटं पडल्यावर काय करणार? आईला अर्धं सांगून पुरा जबाब मागू नये. तुझं तू सांग."

मी कधी चार माणसांत बोललेली नाही. पदर घट्ट धरून पाषाणाकडे बघत मी बोलायला लागले. ह्यांच्याकडे बघितलं नाही. सांगितलं की जेटीवर दोनदा पडले आणि घरी 'शेवाळावरून घसरले' म्हणाले. चप्पल पायातून निसटून मागे राहते, मला पुढे गेल्यावर खाली बघून समजतं. अंधारात भिंत धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. आणि मला ऑपरेशनची भीती वाटते, आई, फार भीती वाटते. मागे वयनी रडत होती. हे उठून माझ्या जवळ येऊन बसले.

तेवढ्यात दाराशी एक बाई ओटीचं ताट घेऊन उभी होती, ती आत आली. पंजाबी ड्रेस, एका हाताला हेल्मेट अडकवलेलं. तिला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. तिच्या आईचं माहेर आमच्या गावचं, म्हणून ती देवीची ओटी भरायला स्कूटरवरून आली होती. शहरातल्या एका दवाखान्यात ती रुग्णांना हातापायांचे व्यायाम शिकवते, हे तिनेच नंतर सांगितलं. तिने विचारलं, "मावशी, चप्पल निसटलेली कळत नाही, हे डॉक्टरांना सांगितलंत?"

मी नाही म्हटलं. ती मला बाहेर पायरीवर घेऊन गेली. तिथे तिने हळू आवाजात उरलेलं विचारलं आणि लघवीचं जे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही," ती म्हणाली. "पण हे थांबण्यासारखं नाही. उद्याच जा. आणि हे जसंच्या तसं सांगा."

आम्ही आत आलो तेव्हा दोन्ही पाकळ्या खाली पडलेल्या होत्या. आधी कुठली पडली, कुणीच पाहिलं नव्हतं. आम्ही बाहेर पडलो तशी गुरवकाकांचीही नजर दाराकडे वळली होती. "परत लावू?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नको, काका." माझा कौल मला मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, ह्यांच्यासमोर. डॉक्टर रागावले नाहीत. परत तपासलं आणि म्हणाले, आता वाट बघण्यात अर्थ नाही. मी हो म्हटलं. ऑपरेशनला नेताना, अमुक कर म्हणजे तमुक वाहीन असा नवस बोलायचं मनात आलं होतं, पण बोलले नाही. एवढंच म्हटलं, "आई, जे उरेल त्यात मी सुखाने राहीन."

उरलं ते पुष्कळ आहे. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. पाटी आता डोक्यावर घ्यायची नाही. बोटं हलती राहावीत म्हणून रोज थोडं लिहायला सांगितलं आहे, म्हणून ही वही. ती देवळातली बाई परत भेटली नाही, तिचं नावही मी विचारलं नव्हतं. दिवा लावताना तिच्यासाठी हात जोडते. देवावर भार टाकायचा म्हणजे आपण गप्प बसायचं, असं मी समजत होते. पण झाकून ठेवलेला भार कुणी कसा उचलणार? आधी तो देवीसमोर उघडा ठेवावा लागतो, तिच्या माणसांसमोरही.

परवा न्हाणीत पायावर तांब्याभर कडकडीत पाणी पडलं आणि मी "आई गं!" म्हणून ओरडले. वयनी धावत आली. "काय झालं गो?"

"चटका बसला," मी म्हटलं. मला हसू आवरत नव्हतं.

तिने आधी माझ्या लाल झालेल्या पायाकडे बघितलं. मग तिथेच ओल्या फरशीवर उभी राहून तिने हात जोडले.