सगळ्यात स्वस्त सर्व्हर

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात तो मागांचा फिटर आणि मी ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणारा. बोलायच्या आधी तो हात चिंधीला दोनदा पुसतो. सर्व्हर चालवायला शिकायचंय, भाड्याने कुठला घेऊ, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, जरा महागातला घे, बिघडला तर कंपनीवाले बघतील.

“मग मी काय शिकणार, दादा? सगळ्यात स्वस्तातलाच बरा की.”

तसाच घेतला. दर सुट्टीला तो सर्व्हर पुसून कोरा करायचा आणि पहिल्यापासून उभा करायचा, माग खोलून पुन्हा जोडावा तसा.

गेल्या महिन्यात ऑफिसचा सर्व्हर बंद पडला. मला जमेना, म्हणून गुपचूप त्याला बोलावलं. “आदी बॅकअप कुटं हाय?” एवढंच विचारून त्याने तासाभरात तो चालू केला. तेवढ्यात मालक आले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. तोंड उघडायला मला काय झालं होतं? तो खाली मान घालून कीबोर्डवरचे आपल्या बोटांचे तेलकट डाग पुसत राहिला.

त्या दिवसापासून त्याने मला दादा म्हणणं सोडलं. गेटवर भेटला की हात दोनदा पुसतो आणि विचारतो, “सर्व्हर चालतोय न्हवं, सर?”