कुत्र्याचा कान आणि आमची फडकी

आमच्या सासऱ्यांच्या कुत्र्याची जेवढी विचारपूस व्हायची, तेवढी त्या घरात एकाही सुनेची कधी झाली नाही. हे मी आज बेलाशक सांगते. कुणाला झोंबलं तर झोंबू दे, झोंबायला आता तिथलं उरलंय तरी कोण!

मी धुळ्याची. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे मॅट्रिकपर्यंत शिकले आणि साठ-पासष्टच्या सुमाराला धरणगावला दिली गेले. घर कपाशीवाल्या शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, सासूला अक्का. थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ, आमचे हे आणि मी. जाऊ शिरपूरकडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, हसरी आणि कामाला वाघ. लग्नाला पाच वर्षं होऊन तिला मूल नव्हतं. मला तरी कुठे होतं? पण माझं लग्न नवं, म्हणून माझ्याकडे अजून कुणी बोट दाखवत नव्हतं.

आणि तो कुत्रा. जिनिंगवाल्या एका मारवाडी शेठनं आबांना पिल्लू म्हणून दिलेला, तपकिरी, लांब लोंबत्या कानांचा. असला कुत्रा पंचक्रोशीत नाही म्हणून आबांना कोण मिजास! त्याला विहिरीच्या हौदात डुंबायची खोड होती. कान कायम ओले, त्यात पावसाळा लागला की कानांतून आंबूस घाण यायची, आत काळपट मळी साचायची आणि मग दिवसभर मान झटकणं आणि पायानं कान ओरबाडणं. औषध लावलं की महिनाभर बरं, मग पुन्हा सुरू. आबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसायचे. नातेवाइकाच्या मयतीला असं तोंड केलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही.

तेच दुखणं घरातल्या बायकांना होतं. आता म्हातारपणी लाजून काय करू? अंगावरून पांढरं जायचं, दह्याच्या चोथ्यासारखं, आणि खाज अशी सुटायची की माणसानं भिंतीवर डोकं आपटावं. लघवीला बसलं की आग. जाऊबाईंचं तर चार वर्षं चाललं होतं. महिना बरा जायचा, पाळी येऊन गेली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेतात निंदायला वाकलेली ती मध्येच उठून बांधाआड जायची आणि डोळे लाल करून परत यायची.

अक्कांचं निदान तयार होतं. "उष्णता शे तिना आंगमा, दुसरं काही नही." मग मिरची बंद, गूळ बंद, चहा बंद. वैद्याची राखाडी पूड झाली. कडुलिंबाच्या पाण्यात बसवून झालं. भगत येऊन लिंबू कापून गेला आणि बाहेरचं आहे म्हणाला. त्या भगताच्या स्वतःच्या पायांना बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या, तो चालला होता दुसऱ्याचं बाहेरचं काढायला! थोरले दीर तर बायकोच्या जवळ उभे राहायचे नाहीत. तिचा तांब्या वेगळा, तिचं अंथरूण वेगळं. आणि ह्या शहाण्यांनी एक दिवस हिशेब मांडला की हिला रोग आहे म्हणून हिला मूल नाही. झालं. घरादाराची अक्कल तिथे संपली.

आता खरी गोष्ट ऐका. पाळीची फडकी आम्ही कुठे वाळवायचो? खानदेशात उन्हाला काय तोटा, फाल्गुनापासून दगड तापतो. पण फडकी उन्हात घालायची नाहीत. का, तर पुरुषाच्या नजरेला पडतील. आणि त्याहून मोठं भय म्हणजे सापाचं. साप फडक्यावरून गेला, की ती बाई वांझ राहते, असं अक्का शपथेवर सांगायच्या. म्हणून आम्ही गोठ्यामागे जायचो. तिथे पराट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काठ्यांचा ढीग असायचा, जळणाला रचलेला. त्याच्या मागे भिंतीला एक दोरी आणि दोरीवर जुनं लुगडं टाकलेलं. त्या लुगड्याखाली फडकी. सूर्य तिथे पाहुणा म्हणूनसुद्धा यायचा नाही. गोठ्याचं पाणी तिथूनच वाहायचं. फडकी तीन-तीन दिवस ओलसर राहायची, त्यांना कुबट वास मारायचा आणि तीच आम्ही पुढच्या महिन्यात अंगाला लावायचो. साप जर कुठे येत असेल तर तो पराट्यांच्या ढिगातच येणार, हे शेतकऱ्याच्या घरात जन्म घालवलेल्या एकाही बाईला सुचलं नाही. मला, मॅट्रिक झालेलीला, सुचलं नाही. कप्पाळ माझं!

एका श्रावणात कुत्र्यानं कान ओरबाडून रक्त काढलं, तेव्हा आबांनी बैलगाडी पाठवून जनावरांचे डॉक्टर बोलावले. ओसरीवर कुत्र्याला चौघांनी धरलं. मी चहा घेऊन दाराआड उभी होते. डॉक्टरांनी कानात कापूस फिरवला, वास घेतला आणि म्हणाले, "आबा, ही बुरशी आहे. ओल मिळाली की वाढते. नुसतं औषध लावून जाणार नाही, पुन्हा पुन्हा येईल. कान पुसून कोरडा ठेवा. हे जांभळं औषध लावा. आणि तो ज्या गोणपाटावर झोपतो, ते उकळत्या पाण्यातून काढा आणि रोज कडक उन्हात घाला. सावलीत वाळवाल तर काही उपयोग नाही."

ब्रह्मवाक्य! त्या दिवसापासून घर कामाला लागलं. चुलीवर पाणी उकळलं ते कुत्र्याच्या गोणपाटासाठी. अक्का स्वतः धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढून गोणपाट उलटंपालटं करायच्या आणि वरून आम्हाला शिकवायच्या, "ओलं ऱ्हायनं का बुरशी लागस! बठ्ठं वाळाले पाहिजे!" हे बोलताना त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता. नाही पडला. खाली अंगणात त्यांची थोरली सून पायाला पाय घासत उभी होती.

माझ्या डोक्यात पडला. कारण खाज मलाही होती. लग्नानंतर सहा महिन्यांत लागली होती आणि मी ती कुणाला कळू दिली नव्हती. जाऊबाईंचे हाल डोळ्यांसमोर दिसत होते, मी कशाला तोंड उघडते!

मी आबांना म्हणाले, अक्कांचे गुडघे दुखतात, धाब्यावर मी जाते. आबा खूश झाले. धाकटी सून गुणाची, कुत्र्याचं करते. रोज भर दुपारी सगळे लवंडले की मी गोणपाट घेऊन वर जायची. पाळी झाली की फडकीही न्यायची. ती आधीच उकळलेली असायची, कुत्र्याच्या उरलेल्या पाण्यात. गोणपाटाच्या पलीकडे पसरायची आणि समोर बसून राहायची. पावसानं उघडीप दिली की ऊन असं, की घटकेत कडक. कुणी उठायच्या आत सगळं खाली. आणि जांभळं औषध? तेही कुत्र्याच्या बाटलीतून चोरून कापसाला लावून वापरलं. बोटं जांभळी व्हायची. कुत्र्याला लावताना लागलं, असं सांगितलं की संपलं. कुणाला शंका यायला आधी विचार करावा लागतो. पुढे माहेरी गेले तेव्हा धुळ्याच्या लेडी डॉक्टरला भीत भीत विचारलं. ती म्हणाली, माणसालाही तेच औषध देतात, मात्र बाटली आपली वेगळी घ्यावी. हा रोग वाईट चालीचा नाही आणि ह्यानं मूल राहायचंही थांबत नाही. वर गोळ्याही दिल्या.

दिवाळीपर्यंत मी बरी झाले. माघात एकदा डोकं वर काढलं, पुन्हा नेमानं ऊन, पुन्हा औषध, आणि गेलं. कुत्र्याचा कानही बरा झाला. आबांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

आणि जाऊबाईंना मी सांगितलं नाही.

सांगणार होते, रोज सांगणार होते. पण एक तर मला वाटायचं, ती भोळी, अक्कांपुढे बोलून जाईल आणि माझी फडकी धाब्यावर वाळतात हे चव्हाट्यावर येईल. हे झालं वरवरचं कारण. आतलं कारण असं, की घरात एक सून वाईट होती म्हणून दुसरी चांगली ठरत होती. ती रोगी, मी गुणाची. ती बरी झाली असती तर सगळ्यांचं लक्ष माझ्या रिकाम्या ओटीकडे वळलं असतं. मी त्या घराला आजवर नावं ठेवत आले, पण त्या वर्षी त्या घरातली सगळ्यात हलकट बाई मी होते.

चैत्रात अक्का आणि आबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मी आत तांदूळ निवडत होते. आबा म्हणाले, आखाजीला थोरली सून माहेरी जाईल, मग कुणी आणायला जायचं नाही. तिच्या भावाकडून फारकत लिहून घ्यायची. थोरल्यासाठी पारोळ्याकडची मुलगी बघितली आहे. अक्का "बरं" म्हणाल्या आणि शेंगा फोडत राहिल्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे प्रत्येक लेक माहेरी जाते. झोके, गाणी, आंब्याचा रस. जाऊबाई दोन महिने आधीपासून दिवस मोजायच्या. आखाजीला आठ दिवस राहिले, तेव्हा ती दुपारी माझ्या केसांना तेल लावत बसली होती. एकदम म्हणाली, "तुले बी खाज व्हती ना? माले माहीत शे. आते तू खाजवत नही. तुनं कसं थांबनं व? माले बी सांग ना."

तिला सगळं माहीत होतं. वर्षभर तिनं माझं गुपित पोटात ठेवलं होतं, अक्कांजवळ एक शब्द काढला नव्हता. आणि मी म्हणाले, "आपोआप थांबलं."

तिनं फक्त "बरं झालं" म्हटलं आणि माझी वेणी घातली.

तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. आखाजी झाली, वैशाख गेला, आणायला कुणी गेलं नाही. रात्री मला झोप लागेना. पण धीर करायला मला आणखी महिना लागला. ज्येष्ठात थोरले दीर शिरपूरहून परतले. फारकतीचा कागद झाला होता. त्याच संध्याकाळी पारोळ्याची माणसं बोलणीला येणार, म्हणून आबा ओसरीवर सतरंजी अंथरत होते. मी डोक्यावरचा पदरही न सावरता आबांसमोर जाऊन उभी राहिले. सासऱ्यांसमोर अशी मी कधी उभी राहिले नव्हते.

म्हणाले, "आबा, जाऊबाईंना रोग नाही. कुत्र्याच्या कानाला होतं तेच आहे. मलाही होतं. मी फडकी धाब्यावर उन्हात वाळवली, तेच औषध लावलं आणि बरी झाले. मूल न होण्याशी त्याचा काही संबंध नाही, धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तिला परत आणा."

अक्कांनी "ओ माय व!" करून तोंडावर पदर घेतला. दीर खाली बघत बसले. माझी अपेक्षा होती की आबा ओरडतील, मला धुळ्याला धाडतील. त्याची तयारी करूनच मी आले होते आणि खरं सांगते, तेव्हा मनातून मला स्वतःचा अभिमानही वाटत होता. आता ह्यांची तोंडं बघण्यासारखी होतील!

आबा ओरडले नाहीत. हातातली सतरंजी त्यांनी खाली ठेवली.

"तू कधी बरी व्हयनी?"

"दिवाळीला," मी म्हणाले.

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग हळू आवाजात विचारलं, "मंग आधी काबरं सांगं नही?"

पाच वर्षांत त्या दुखण्याबद्दल त्या घरात कुणी विचारलेला तो पहिला शहाणा प्रश्न. तो विचारला त्या माणसानं, ज्याला मी मूर्ख समजत होते. बाहेर पारोळ्याची गाडी थांबली आणि अक्कांनी मला आत जाऊन चहाचं आधण ठेवायला सांगितलं. मी गेले आणि ठेवलं.