भुजंगमामाचं ‘सुतक’

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण ज्याने काढली त्याने भुजंग गिरामला ऐकलेलं नसणार. ऐकलं असतं तर म्हण अर्ध्यावर टाकून कानात बोटं घातली असती. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात हेवी मेटल गाणारा हा एकच माणूस. वय बावन्न, पोट सुटलेलं, मागे मानेवर केस आणि पुढे मैदान. सोनपेठला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर जळक्या मोटारींत तांब्याची तार भरतो आणि सुट्टीच्या दिवशी घशातून असा आवाज काढतो की नवखं कुत्रं असेल तर गाव सोडून जातं.

जर्मनीत म्हणे असलं गाणं ऐकायला लाखभर माणसं चिखलात उभी राहतात. चिखलात आम्हीही कमी नाही, माणसं तेवढी एकसष्ट आहेत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपात आकडा तोच दिसतो. त्यातला एक जण पाणीपुरवठ्याच्या ग्रुपात जायचा तो चुकून इकडे आला आणि भिडेखातर राहिला. मी बालाजी, मंडप आणि साऊंडवाला, या ग्रुपचा ॲडमिन. भुजंगला सगळं गाव मामाच म्हणतं; मामाचा पहिला कार्यक्रम माझ्याच स्पीकरवर झाला होता. त्यात दोन स्पीकर फाटले, तरी मी चाहता राहिलो. यावरून माझी निष्ठा ओळखा.

मामाने हा आवाज कुठल्या क्लासात कमावलेला नाही. लहानपणी तो ज्वारीत पाखरं राखायचा. गोफण चालवायचा कंटाळा, म्हणून नुसता ओरडायचा. पुढे परभणीला आयटीआय करताना खोलीतल्या सोबत्याकडे एक परदेशी कॅसेट सापडली. ती ऐकून मामा म्हणाला, “हे तर पाखरं हाकायलेत!” तिथून जे सुरू झालं ते तीस वर्षं थांबलेलं नाही. ड्रमवर सिद्धोधन, तो मूळचा लग्नाच्या बँडचा. त्याला हळू वाजवता येत नाही, हाच त्याचा गुण.

मामाची जुनी गाणी म्हणजे मजा होती. ‘डीपी जळाली’ लागलं की ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले स्टिअरिंग सोडून नाचायचे. डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर; तो जळाला की गावात चार-चार दिवस लाईट नाही, वायरमन फोन उचलत नाही, आणि मामा ओरडतोय, “डीपी जळाली, तुझ्या नानाची डीपी जळाली!” यात अर्थ किती, हे विचारू नये. घाम यायचा, बरं वाटायचं.

घरी मात्र या कलेला किंमत शून्य. मामाची आई चतुराबाई, पंच्याहत्तरी ओलांडलेली, हाडाने काटक, जिभेने त्याहून काटक. तीस वर्षांत तिने लेकाचं एक गाणं पुरतं ऐकलेलं नाही. “कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिल्यावाणी वरडतंय,” एवढंच तिचं समीक्षण. आणि गंमत अशी की गावात आवाजाचा मान होता तो तिलाच. कुणाच्या घरी मयत झालं की बाया रडतात, पण हेल काढून, गेलेल्या माणसाचे गुण एकेक करून सुरात रडावं तर चतुराबाईने. दगडालाही हुंदका फुटावा. लोक तर म्हणत, मरावं तर चतुराबाईच्या आधी मरावं.

तर या चैत्रात मामाने नवा अल्बम काढला. नाव ‘सुतक’. आम्ही एकसष्ट जण मोबाईलला डोळे लावून बसलेलो. पहिलंच गाणं सुरू झालं आणि तीन मिनिटं ना गिटार, ना ड्रम. नुसता मामाचा आवाज, आणि तो रडतोय. मग गिटार आली ती अशी जड, की गाळात रुतलेली बैलगाडी ओढावी. सिद्धोधन अर्ध्या मिनिटाला एक टोला देत होता. पुढची सहा गाणी त्याहून काळी. नाचायला एक जागा नाही.

ग्रुप फुटला. इकडे आम्ही जुनी पार्टी, पस्तीस जण, आमचं म्हणणं एकच: मामा म्हातारा झाला, अल्बम काढून टाक, ‘डीपी’सारखं काहीतरी कर. तिकडे नवी पार्टी, पंचवीस, त्यांची पुढारी निकिता. कृषी महाविद्यालयात शिकते, मेसेज असे लांब लिहिते की वाचताना चहा थंड होतो. ‘मामा तीस वर्षांत पहिल्यांदा खरं गायलाय,’ असं तिने लिहिलं. मी खाली अंगठा उलटा केला. तिने माझ्या अंगठ्यावर दीड पान लिहिलं. पाणीपुरवठावाला तटस्थ.

शेवटी मामालाच विचारलं. तो दुकानात मोटार उघडून बसला होता. मी म्हणालो, “मामा, आमी पस्तीस जण ग्रुप सोडायलोत. न्हाईतर ते ‘सुतक’ डिलीट करा.” त्याने हातातला तारेचा वेढा पुरा केला. मग म्हणाला, “येवढ्यात नको रे बाला. हे एक राहू दे. मी आयुष्यात एकच गोष्ट मनापासून केली ती ही हाय.” तोंड असं केलं की मी क्षणभर वरमलो. पण हट्टात मी कुणाचं ऐकत नाही. म्हटलं, गावच ठरवेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी टेम्पोवर दोन भोंगे चढवले, मामाच्या आळीच्या तोंडाशी नेऊन उभे केले आणि ‘सुतक’मधलं पहिलं गाणं लावून दिलं. बेत साधा होता. लोक वैतागून बाहेर येतील, शिव्या घालतील, मामाचं डोकं ठिकाणावर येईल. पुन्हा पुन्हा वाजत राहावं असं लावून मी एसटी स्टँडवरच्या हॉटेलात चहाला गेलो. सगळी अक्कल तिथेच संपली.

हॉटेलात पहिला घोट घेतला आणि शेजारचे व्यंकटी काका बशी खाली ठेवून उठले. टोपी काढली. “चतुराबाई गेली जणू,” म्हणाले.

लांबून गिटार ऐकूच येत नव्हती. ऐकू येत होता तो हेल, गिरामांच्या आळीतून, तोच वळणाचा, जो गावाने पन्नास वर्षं मयताच्या दारात ऐकला होता. आणि तो हेल आज चतुराबाई नाही, तिचा लेक काढतोय, तर मग मेलं कोण, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी म्हणालो, “अहो, ते गाणं हाय!” काका भडकले. “मढ्यावरबी मस्करी व्हय रे? लाज हाय का?” तोवर चार जणांनी खिशातून फोन काढले होते.

मी पळत जाऊन टेम्पो बंद केला. पण फोन काय बंद करता येतात? घरात दोघंच मायलेक; मामा रात्री काम उरकायला दुकानातच राहिलेला आणि चतुराबाई घरात नव्हती, त्यामुळे खात्री करायलाही कुणी नाही. ती पहाटेच पलीकडच्या मळ्यात चिंचा फोडायला गेली होती, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. बायांनी बंद दार बघितलं आणि दारातच बसून रडायला सुरुवात केली. गवऱ्या गोळा झाल्या. कुणीतरी तिरडीला बांबू तोडून आणला. मी बांबूवाल्याला समजावत होतो आणि तो मलाच दुसरं टोक धरायला सांगत होता.

सोनपेठहून मामा मोटारसायकलवर आला. ‘आई गेली’ एवढाच निरोप त्याला मिळालेला. गाडी स्टँडला न लावताच सोडली, ती पडली. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मी त्याच्यासमोर हात जोडले आणि जे होतं ते सांगितलं. तो पडलेल्या गाडीशेजारीच खाली बसला. मारील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत पाथरीचे सोयरे आले, सोनपेठचे आले. पोखर्णीहून चतुराबाईचा भाऊ पंडित जीप भरून आला, बगलेत माहेरचं लुगडं. बहिणीच्या मढ्यावर माहेरचं लुगडं पडावं लागतं, म्हणून बिचारा दुकान उघडायला लावून घेऊन आला होता. चाळीस-पन्नास माणूस अंगणात, आणि मढं नाही. खरा प्रकार कळल्यावर सगळे भुजंगमामावर तुटून पडले. पंडितमामा पुढे होऊन म्हणाले, “जित्या आईचं रडगाणं करतोस? काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!” गावानेही तेच धरलं. आमची जुनी पार्टी एका दिवसात पस्तीसची चारशे झाली. मला मात्र त्याचा काडीचाही आनंद होत नव्हता.

मामाने मोबाईल काढला. “काढतो,” म्हणाला. आवाज इतका बारीक, की तो त्याचा वाटेना.

तेवढ्यात चतुराबाई डोक्यावर चिंचांचं टोपलं घेऊन आली. गर्दी बघून थबकली. “कोण मेलं गं?”

सगळे पंडितमामांकडे बघायला लागले. शेवटी पंडितमामांनी मान खाली घालून सांगितलं, “तूच, अक्का.”

“मग मला कोणी सांगितलं न्हाई ते,” ती म्हणाली, आणि टोपलं उतरवलं. भावाच्या हातातलं लुगडं घेतलं, पदर चिमटीत धरून पोत बघितला. “आणलंच हाय तर राहू दे. बरं हाय.” मग लेकाकडे वळली. “काय काढायलायस त्या मोबाईलातून? आधी मला आयकू दे.”

मामा नको म्हणाला. मी टेम्पो पुढे घेतला आणि गाणं लावलं. या वेळी आवाज कमी केला.

‘कोपीचं गं कूड वाऱ्यानं हालतं, माझं वासरू कुठं गेलं…’

चतुराबाई ओट्यावर टेकली. लुगडं तसंच मांडीवर. गिटार आली तेव्हा तिने तोंड वाकडं केलं, पण उठली नाही. गाणं संपलं.

“हे तुला याद हाय?” तिने विचारलं.

“समदं याद हाय,” मामा म्हणाला.

“मग तिचं नाव कुठं हाय त्यात? नाव घेतल्याबिगर कोणासाठी रडायलायस?”

तीस वर्षं जिल्हाभर ओरडणाऱ्या माणसाच्या घशातून दोन अक्षरं निघेनात. तेव्हा चतुराबाईनेच सांगितलं. अडतीस वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेले असताना, कारखान्याकडच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत, तिची नऊ वर्षांची राणी तीन दिवसांच्या तापाने गेली. भुजंग तेव्हा चौदाचा. तिथेच ओढ्याकाठी खड्डा केला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोयता घेतला, कारण टोळी थांबत नाही. रडायला बाया नव्हत्या. चतुराबाई एकटीच हेल काढून रडली, आणि ऐकायला एकटा भुजंग होता. गावी परतले तेव्हा पाच महिने उलटून गेले होते. कोण विचारायला येणार?

मी ज्याला ‘म्हातारा झाला’ म्हणून हिणवलं, तो चौदा वर्षांचा होऊन गात होता, आणि मी भोंग्यावर त्याची चेष्टा लावली होती.

लोक हळूहळू उठायला लागले. जीपवाल्याने चावी काढली. चतुराबाईने हात वर केला.

“जाऊ नका. आलाच हाव तर बसा. माझ्या राणीच्या मातीला कोणी आलं न्हवतं.”

सगळे बसले. पाथरीचे, सोनपेठचे, पोखर्णीचे, बांबूवालाही. मी गाणं पुन्हा लावलं. त्यात जिथे जागा रिकामी होती तिथे चतुराबाईने हेल काढला, “माझ्या राणीऽऽ”, आणि तिच्यामागून मामाने. भोंग्यातला मामा आणि अंगणातला मामा एकाच वेळी रडत होते. अंगणातल्या बाया रडल्या, पंडितमामा रडले, ग्रुपवर बातमी वाचून धावत आलेली निकिता रडली. मीही रडलो, लपवत नाही.

संध्याकाळी सोयरे गोदावरीवर अंघोळ करून आपापल्या गावी गेले. ‘सुतक’ तसंच राहिलं, ग्रुपही राहिला. माझं मत म्हणाल तर अल्बम अजूनही फार संथ आहे, आणि सिद्धोधनने थोडे हात चालवायला हवे होते. पण मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजाऱ्याने कडू घास न्यायचा असतो. मी घरी येऊन बायकोला पिठलं-भाकरी करायला सांगितली. कुणासाठी, ते तिने विचारलं नाही. मी ताट झाकून गिरामांच्या घरी नेलं, आणि दोघं मायलेक जेवेपर्यंत दारात बसून राहिलो.