गुटगुटीत

बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात अल्ब्युमिनवर मोजक्या ओळी होत्या. यकृतात तयार होणारं हे प्रथिन रक्तातलं पाणी रक्तातच धरून ठेवतं. खाण्यात प्रथिनं नसली की ते घटतं, पाणी नसांबाहेर झिरपतं आणि अंग सुजतं. वर्गातल्या मुली घोकत बसल्या होत्या. मला घोकायची गरज नव्हती, आमच्या घरात ते घडून गेलं होतं.

आमचं गाव जिंतूर तालुक्यातलं. विद्यापीठाच्या नामांतरासाठी निघालेल्या मोर्चाला आमच्या वस्तीतली माणसं परभणीला गेली, म्हणून गावानं आमच्यावर बहिष्कार टाकला. शेतातलं काम बंद, दुकान बंद, गिरणी बंद, दूध बंद. वडिलांनी कोंबड्या विकून ज्वारी आणली. धाकटी बहीण तेव्हा दोन वर्षांची. आईला पुन्हा दिवस गेले आणि बहिणीचं अंगावरचं दूध तुटलं. मग कण्या आणि मिरचीचं पाणी, एवढंच बहिणीचं जेवण. गावातली एक म्हातारी शेतकरीण मात्र कुणाला न सांगता गावाबाहेर येऊन माझ्या तांब्यात थोडं दूध ओतायची. वरून ओतायची, तांब्याला हात न लावता. तरी तिचे उपकार मी मानते.

काही दिवसांनी बहिणीचे गाल भरले. पाय भरले, पोट पुढं आलं. दृष्ट लागू नये म्हणून आई तिच्या गालावर काजळाचा ठिपका लावायची. मी तिला कडेवर घेऊन ओढ्यावर धुण्याला गेले, तेव्हा वरच्या अंगाला धुणाऱ्या बायांतली एक म्हणाली, "बहिष्कार हाय म्हणत्यात, आन् पोरगी बघा कशी गुटगुटीत झालीय! ह्यान्ला चोरून दूध कोण द्यायलंय?" गावानं शोध घेतला. म्हातारीला तिच्या मुलानं दम भरला. ती पुन्हा आली नाही.

बहीण मलूल होऊन पडली, तसं आम्ही तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिच्या पायावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच राहिला. "ही जाड नाही, उपाशी आहे," ते आईला म्हणाले. "रक्तातलं अल्ब्युमिन पार घटलंय. दूध, अंडी, डाळ का देत नाही हिला?" दवाखान्यात दूध मिळालं, सूज उतरली, आणि आतली खरी पोर दिसली. काटक्यांसारखे हात आणि वर आलेल्या बरगड्या. आता घरी असंच खाऊ घाला, म्हणून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

वडील दूधवाल्याच्या अंगणाबाहेर हात जोडून उभे राहिले. "मालक, लेकरापुरतं दूध द्या. डॉक्टर म्हणले, रक्तातलं अल्बुमीन गेलंय."

अंगणातले सगळे हसले. "गावात व्हती तवा लय चांगली व्हती," मालक म्हणाला. "दवाखान्यात नेऊन तुमीच वाळवून आनली. आमचं दूध कशाला पायजे?"

पुन्हा कण्या सुरू झाल्या. पुन्हा गाल फुगले, कातडी ताणून चकाकायला लागली. ओढ्यावरच्या बाया म्हणाल्या, "बघा, गावात आली आन् पोर कशी सुधरायलीय." त्यांच्या तोंडावर धुणं फेकून मारावं असं वाटलं मला. अजूनही वाटतं. साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत माझी बहीण रोज सुधारत होती. सुधारत सुधारतच ती मेली.