अंधार बसवणारे मामा

आमच्या प्रयोगशाळेत एक शब्द होता, तो कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही. ‘अंधार बसवणं.’ प्रयोगाआधी मी बाहेरून ओरडायचो, “मामा, बसला का अंधार?” आतून उत्तर यायचं, “बसला! पाय न वाजवता या, नाहीतर उठेल.”

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. प्रयोग असा की टेबलावर एक दिवा, पुढे प्रकाश गाळणाऱ्या पोलरॉइडच्या दोन चकत्या आणि त्यांच्या मध्ये काचेची डबी. डबीत पिवळसर द्रव, त्यात समोरासमोर दोन धातूच्या पट्ट्या. दुसरी चकती पहिलीला बरोबर आडवी फिरवली की प्रकाश अडतो, पडद्यावर मिट्ट काळोख. मग पट्ट्यांना काही हजार व्होल्ट द्यायचे. द्रवातले रेणू एका दिशेने रांग धरतात, त्यांच्यातून जाताना प्रकाशाची ठेवण बदलते आणि मघाशी अडलेला तोच प्रकाश पलीकडे निसटतो. वीज काढली की पुन्हा काळोख. तारा उलट्या जोडा, तरी प्रकाश येतोच. इतकी वर्षं शिकवून मलाही दर वेळी गंमत वाटायची.

पण सगळी गंमत आधीच्या काळोखावर. तो काळोख मामांचा. प्रकाश मोजणाऱ्या मीटरची सुई शून्यावर टेकली तरी ते म्हणायचे, “अजून केसभर उरलाय, सर.” चकती नखभर फिरवायचे, आणि खरंच उरलेला असायचा. त्या डोळ्यांचा त्यांना भारी अभिमान. रविवारी सकाळी खिडकीत बसून आळीतल्या लोकांची मनगटी घड्याळं दुरुस्त करायचे, फुकट. मला म्हणायचे, “तुमचं घड्याळ कधी बंद पडतंय याची वाट बघतोय.”

आता माझा पराक्रम सांगतो. तपासणी समिती यायची होती. मामांनी सकाळीच अंधार बसवला आणि खुर्च्या लावायला गेले. मला डबीपाशी कडू बदामासारखा वास आला, म्हणजे द्रव पाझरत होता. मामांना हाक मारायला काय झालं होतं? पण नाही, मला घाई. मीच पेचकस घेतला आणि काचेच्या चौकटीचे चारही स्क्रू करकचून आवळले.

समिती आली, दिवा लावला. वीज अजून दिलीच नव्हती आणि पडद्यावर हा एवढा ठिपका!

“हे कुणी लावलं?” विभागप्रमुखांनी विचारलं.

“मी,” मामा पुढे आले. चकती इकडे फिरवली, तिकडे फिरवली, ठिपका हटेना. “सकाळी पुरता बसवला होता, सर. काळाकुट्ट होता.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, “मामांचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. आम्ही सांभाळून घेतो.”

सांभाळून घेतो म्हणे! मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या फडक्याकडे. पुढच्या सोमवारी त्यांना फाटकाजवळच्या टेबलावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नोंदी करायला.

तीन आठवड्यांनी द्रव बदलायला मी डबी सोडायला घेतली. दिवा चालूच होता. एक स्क्रू सैल केला आणि पडद्यावरचा ठिपका फिका पडला. चारही सैल केले, काळोख. पुन्हा आवळले, ठिपका हजर. काच जास्त दाबली गेली की विजेशिवायच प्रकाशाची ठेवण बदलते, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. शिकवतो, हो! तीनदा करून पाहिलं. मग पेचकस पुसून खणात ठेवला आणि कुणालाही काही बोललो नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता चार वर्षं गेली. फाटकातून जाताना मी मोबाईलवर बोलल्याचं नाटक करायचो. पलीकडे कुणी नसायचं.

मामा निवृत्त झाले आणि मला घरी बसवेना. एका दुपारी त्यांच्याकडे गेलो. दार मामींनी उघडलं. मामा खिडकीपासून लांब बसले होते. घड्याळांची हत्यारं माळ्यावर गेली होती, सायकल विकली होती. रस्ता ओलांडताना मामी त्यांचा दंड धरतात म्हणे.

“डॉक्टर तर म्हणतात, डोळ्यांना काही झालेलं नाही,” मामी म्हणाल्या. “ह्यांना पटेल तर ना.”

“डॉक्टर समजूत घालतात,” मामा म्हणाले. “सर प्रकाशच शिकवतात, ते उगाच बोलतील का?”

मामी चहा टाकायला आत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं हा माणूस माझ्या एका वाक्यापायी चाचपडत चालत होता. मी सगळं सांगून टाकलं. वास, पेचकस, स्क्रू, काच. “तुमचा अंधार बरोबर बसला होता, मामा. मोडला तो मी.”

मामा खुर्चीत पुढे सरकले. चष्मा काढला, खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, “तुम्हाला कधी कळलं, सर?”

खरं उत्तर ओठांवर आलं होतं. शपथेवर सांगतो, आलं होतं.

“परवा,” मी म्हणालो. “जुनी डबी सोडत होतो, तेव्हा.”

मामांचा चेहरा असा उजळला की मला मान वर करवेना. “अगं, ऐकलंस का?” ते आत ओरडले. “माझे डोळे धड आहेत! सरांना परवा कळलं आणि आज लगेच सांगायला आले बघ. कोण येतं गं एवढं? दुसरा असता तर गिळून बसला असता.” आणि माझ्यासमोर हात पसरून म्हणाले, “आणा ते घड्याळ इकडे. बंद नसलं तरी चालेल, साफ करून देतो.”

मी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं.