चाळीस म्हणजे वीस: मुलुंड ते गोराई, एका डायलसाठी

ज्यांना हिमालय झेपतो त्यांनी हिमालयात जावं. आम्ही भावंडं मुलुंडहून गोराईला गेलो. मुंबईबाहेर न पडता बस, मेट्रो, रिक्षा आणि बोट असा चतुर्विध प्रवास घडतो, शिवाय बॅग भरावी लागत नाही.

निमित्त एका फोटोचं. जुन्या घड्याळांच्या शौकिनांच्या एका ग्रुपवर मी गेली काही वर्षं मौनव्रत धरून बसलो आहे. तिथे परवा एका क्रोनोग्राफची डायल आली. क्रोनोग्राफ म्हणजे ज्याच्या पोटात स्टॉपवॉच असतं असं मनगटी घड्याळ; बाजूची बटणं दाबून ते चालू-बंद करायचं. फोटोखाली मजकूर होता, ‘नवशिक्यांसाठी: अशी डायल दिसली तर पळत सुटा.’ त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

काळी डायल, त्यात दोन शेंदरी चकत्या. डावी सेकंदांची, उजवी स्टॉपवॉचच्या मिनिटांची. मिनिटांचा काटा अर्ध्या तासात फेरी पुरी करतो, म्हणून उजवीकडे तीसपर्यंतच आकडे हवेत. इथे दोन्हीकडे साठ! डायल पुन्हा रंगवणाऱ्या कारागिराने शोभेसाठी जोडी जुळवली होती.

मी पळत सुटलो नाही. ती आमच्या बाबांची डायल होती.

बाबा आधी गिरणीत होते, नंतर एका गोदामात, आणि संध्याकाळी कबड्डीचे पंच. ही डायल त्यांनीच हौसेने रंगवून घेतलेली. मग जन्मभर निम्मं करत बसले. वीस मिनिटांचा डाव संपला की काटा चाळीसवर. ‘चाळीस म्हणजे वीस’ हे आमच्या घरातलं पहिलं गणित. मैदान चाळीच्या मागेच होतं. हाफ टाइमची शिट्टी झाली की आई तांब्या माझ्या हातात द्यायची, “पाणी व्हर बाबांका!” आई मालवणची. इतकी वर्षं मुंबईत राहूनही तिची भाषा काही मुंबईला आलेली नाही.

पुढे ते घड्याळ घाटकोपरला दुरुस्तीला दिलं, दुकान उठलं, मालक गावी गेला आणि बाबाही गेले. आई अजून अधूनमधून विचारते, “ता घड्याळ गावला काय रे?” ते तिच्या हातात ठेवायचं, एवढीच यात्रेची फलश्रुती.

फोटो टाकणारे फ्रान्सिस अंकल गोराईचे, जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. फोनवर म्हणाले, “ये ना रविवारी. पण दुपारच्या आत ये, जेवल्यावर मी झोपतो.”

रविवारी सकाळी धाकट्या बहिणीला, वैशूला, घेऊन निघालो. बसने घाटकोपर. दुरुस्तीच्या दुकानाच्या जागी आता ज्यूस सेंटर आहे. मी उगाच समोर उभा राहिलो.

“दादा, मोसंबी पितोस की श्राद्ध घालतोस?”

मोसंबी प्यायलो. साखर नको म्हणून आधीच सांगा.

घाटकोपरहून मेट्रोने डी. एन. नगर, तिथून पुलावरून चालत अंधेरी पश्चिमचं स्टेशन आणि दुसऱ्या मेट्रोने बोरिवली. सगळं तिकीट दोन-तीन वडापावांत बसतं. एसीत वैशूचं प्रबोधन केलं. मूळ डायलची छपाई भिंगाखाली कोरीव दिसते, रंगवलेलीची फिसकटते. लहान चकत्यांवर मुळात बारीक वलयं असतात, जाड रंगाने ती बुजतात. काट्यांवरचा नि आकड्यांवरचा अंधारात चमकणारा रंग सारखाच पिवळा पडलेला असावा.

“म्हणजे बाबांची डायल सगळ्यांत नापास?”

“सगळ्यांत.”

“पण अशा नापास डायली ढिगाने असतील ना रे. आपलीच कशावरून?”

“सातच्या आकड्याजवळ ब्रशचा केस अडकलाय, वार्निशखाली. फोटोत दिसतो.”

लहानपणी तो केस वैशू फुंकर मारून उडवायला बघायची आणि बाबा तिला आणखी जोरात फुंकायला सांगायचे.

बोरिवलीहून रिक्षाने गोराईच्या खाडीचा धक्का. भरती-ओहोटी बघून जा आणि सुट्टे ठेवा. बोट पाच-दहा मिनिटांची, पण पलीकडे उतरलं की हवाच बदलते. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, नारळाची झाडं, दारात क्रूस.

अंकलनी मनगटावरचं घड्याळ उतरवून माझ्या तळहातावर ठेवलं. पांढरी शुभ्र डायल, काळ्या चकत्या, उजवीकडे शिस्तीत तीस.

“परदेशातून मागवली, ओरिजनल,” ते म्हणाले. “घड्याळ घेतलं तेव्हा काय वाट लावलेली माहितीय? तोच फोटो टाकला मी.”

घड्याळ तेच होतं. बटण दाबल्यावर अंगठ्याला लागणारा तो जाडसर खटका तोच. संस्कृतात ‘तोच हा’ अशा ओळखीला प्रत्यभिज्ञा म्हणतात. मी वाट पाहिली. ती आली नाही.

“दादा, हे बाबांचं नाही रे.”

“वैशू, यंत्र तेच आहे.”

“तोंड दुसऱ्याचं आहे ना!”

अंकल आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. मग मी सगळं सांगितलं. ते आत गेले आणि बिस्किटांच्या डब्यातून कापसात ठेवलेली डायल घेऊन आले.

वैशूने ती चिमटीत धरली, सातच्या आकड्यावर जोरात फुंकर मारली. केस हलला नाही.

“हीच,” ती म्हणाली. “अंकल, ही द्या ना आम्हाला.”

“मग मी नवीन पोरांना काय दाखवू? एवढी बेकार डायल परत मिळणार नाय.”

“फोटो आहे की तुमच्याकडे.”

अंकल हसले, डायल पुन्हा कापसात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. घड्याळ त्यांनी मनगटावर चढवलं आणि मीही ते मागितलं नाही. बोंबील तळले होते, जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवशी अंकलची झोप मात्र बुडाली.

परतीच्या बोटीत मी खिसा हाताने दाबून बसलो होतो. जाताना वाटलं होतं, घड्याळ मिळालं की काहीतरी पुन्हा सुरू होईल. मिळालं ते तोंड, तेही न चालणारं. तरी मी गोराईला पुन्हा जाईन. बोंबलांसाठी तर नक्कीच.

घरी आईच्या तळहातावर डायल ठेवली. तिने चष्मा लावला.

“काटे खंय?”

“ते गोराईला राहिले गं.”

बाबांना जाऊन किती वर्षं झाली, हे आमच्यापेक्षा तिला नीट ठाऊक आहे. मग तिने उजव्या चकतीवर चाळीसच्या आकड्यावर बोट टेकवलं आणि माझ्याकडे पाहून बारीक हसली.

“हाफ टाइम झालो,” ती म्हणाली. “पाणी व्हर बाबांका.”